क्लॅमिडियाचा संसर्ग झाल्यावर इंटरफेरॉन-गॅमा शरीरात नेमकं काय करतं?

क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा संसर्ग. त्याचा जिवाणू पेशीच्या आत शिरून वाढतो, त्यामुळे नुसत्या अँटिबॉडीज पुरत नाहीत. रोगप्रतिकार यंत्रणेतल्या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडतात. तो संदेश मिळताच बाधित पेशी आयडीओ नावाचं एन्झाइम बनवते आणि स्वतःतलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) तोडून टाकते. त्याच्याशिवाय जिवाणूची वाढ खुंटते. शत्रूची रसदच तोडली म्हणा ना! पण या जिवाणूचे जननमार्गातले प्रकार भारी चिवट. योनीतले इतर काही जिवाणू इंडोल नावाचं रसायन बनवतात, त्यापासून हे प्रकार ट्रिप्टोफॅन पुन्हा तयार करतात. डोळ्यांत खुपऱ्या आणणाऱ्या प्रकारांना ते जमत नाही.

संसर्गामुळे होणारा दाह लांबला तर गर्भनलिकांत व्रण राहून वंध्यत्व येऊ शकतं. बऱ्याच जणींना लक्षणं जाणवतच नाहीत, म्हणून शंका असेल तर न लाजता तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी दिलेल्या अँटिबायोटिक्सनी हा संसर्ग बरा होतो, फक्त जोडीदारावरही उपचार हवेत.