डोळा म्हणजे कॅमेरा आणि कान म्हणजे माईक, असंच असतं ना?

तुम्ही विचारलंय की बघणं आणि ऐकणं मानसशास्त्रात कसं समजावतात, कॅमेरा आणि माईक एवढं धरून चाललं तर चालेल का, आणि इंद्रियं खरंच पाचच का. मी डॉक्टर वगैरे नाही, बीएला सायकॉलॉजी होतं आणि गेली चार वर्षं घरात बाबांचं कानाचं मशीन सांभाळतेय, त्यातून जेवढं कळलंय तेवढं लिहिते.

कॅमेऱ्याचं आधी. रेघांची वही घ्या, एका रेघेवर डावीकडे फुली मारा आणि त्याच रेघेवर उजवीकडे सात-आठ सेंटीमीटरवर मसुराएवढा ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा (ठिपक्याकडे चोरून बघायचं नाही!) आणि वही हातभर लांब धरून हळूहळू जवळ आणा. वीतभरापेक्षा थोडं जास्त अंतर राहिलं की ठिपका गायब. आणि तिथे भोक दिसत नाही की काळं दिसत नाही, रेघ आपली सरळ पुढे गेलेली दिसते. डोळ्याच्या पडद्यातून जिथून नस बाहेर पडते तिथे प्रकाश पकडणाऱ्या पेशीच नसतात, मारिऑट नावाच्या फ्रेंच माणसाने हे १६६० च्या दशकातच दाखवलं होतं. म्हणजे ती मधली रेघ तुमच्या डोळ्याने बघितलेलीच नाही, आजूबाजूचं बघून मेंदूने स्वतःच भरून टाकलीये, आणि तुम्हाला न विचारता.

अजून एक, आरशात आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा मग उजव्या. डोळे हललेले दिसणार नाहीत, पण शेजारी उभ्या माणसाला मात्र स्पष्ट दिसतात. नजर अशी सेकंदाला दोन-तीनदा उडी मारत असते आणि उडीच्या वेळचं हललेलं चित्र मेंदू आपल्यापर्यंत येऊच देत नाही. डोळ्यात प्रकाश पकडणाऱ्या पेशी १२ कोटींच्या आसपास आणि मेंदूकडे जाणारे तंतू फक्त १० लाखांच्या आसपास, त्यामुळे काटछाट तर डोळ्यातच सुरू होते. कुठला कॅमेरा असं करतो?

मराठी पुस्तकांत यासाठी दोन शब्द आहेत, वेदन आणि संवेदन. वेदन म्हणजे डोळ्या-कानाने नुसती नोंद घेतली, संवेदन म्हणजे मेंदूने त्याचा अर्थ लावला. परीक्षेला मी हा फरक पाठ करून लिहिला होता, कळला मात्र बाबांमुळे.

बाबा म्हणायचे आवाज येतो गं, पण बोलता काय ते कळत नाही. आम्हाला वाटायचं लक्ष नसतं यांचं. एकदा भाजीवाली मेथीची जुडी साठ म्हणाली, यांनी आठ ऐकलं आणि दहाची नोट काढून दोन रुपये परत मिळायची वाट बघत उभे! आता यात झालं काय तर कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी असते, तिच्या सुरवातीला बारीक म्हणजे उंच आवाज पकडणाऱ्या पेशी असतात आणि टोकाकडे जाड आवाजाच्या. वय झालं की सुरवातीच्या पेशी आधी जातात आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. स, श, फ हे सगळे उंच पट्टीतले आवाज, आ-ओ खालचे. म्हणून साठमधला स गेला आणि आठ उरलं. आपण ओरडून बोललो की आ मोठा होतो, स तसाच राहतो, वर बाबा म्हणतात ओरडतेस कशाला. (हे कळल्यापासून मी ओरडत नाही, हळू आणि समोर येऊन बोलते.)

समोर येऊन का, तर बाबांना चष्मा लावल्यावर जास्त ऐकू येतं. आम्ही हसायचो पण ते अगदी खरं आहे. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला, आवाज ब चा लावायचा आणि व्हिडिओत ओठ ग म्हणणाऱ्या माणसाचे दाखवायचे, तर बहुतेक मोठ्या माणसांना द ऐकू आला, जो कुणी म्हटलेलाच नव्हता. गंमत म्हणजे युक्ती माहिती असूनही द च ऐकू येतो, मी स्वतः बघितलंय, डोळे मिटले की ब, उघडले की द. म्हणजे ओठ आपण सगळेच वाचतो, बाबांना त्याची गरज जास्त एवढंच. कोरोनात सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा ते चिडून म्हणायचे लोक तोंडातल्या तोंडात का बोलतायत.

मशीन आणलं तेव्हा वाटलं झालं काम. दुकानदाराने एक शब्द सांगितला नाही की सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी पंखा, पेपरची घडी, भांडी, स्वतःच्या चपलेचा आवाज सगळंच एकदम अंगावर आलं आणि मशीन डबीत. आपल्याला पंखा ऐकू येत नाही कारण मेंदूने तो कधीच बाजूला टाकलेला असतो, त्यांच्या मेंदूला ही निवड परत शिकावी लागली. रोज थोडा थोडा वेळ लावून दीड-दोन महिने गेले.

बघणंसुद्धा असंच शिकावं लागतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे पवन सिन्हा यांचा प्रोजेक्ट प्रकाश आहे, जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांची आपल्याकडे ऑपरेशनं करून दृष्टी देतात आणि अभ्यासही करतात. २०११ मध्ये त्यांनी छापलं की पट्टी निघाल्यावर या मुलांना दोन वस्तू बघून वेगळ्या ओळखता येत होत्या, पण हाताने आधी चाचपलेली त्यातली कुठली हे नुसतं बघून सांगायचं तर जवळजवळ अंदाजपंचेच. काही दिवसांनी जमायला लागलं.

आणि पाचचं म्हणाल तर पाच नाहीत, जास्त आहेत. तोल सांभाळणारं इंद्रिय तर कानाच्या आतच बसलेलं असतं, गोल गोल फिरून थांबल्यावर खोली फिरते ती त्याच्यामुळेच. आणि डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावता येतं कारण हात कुठे आहे ते स्नायू आणि सांधे सतत मेंदूला कळवत असतात.