शेकडो माणसं एकाच घरात राहणाऱ्या आदिवासींची घरं का संपत चालली आहेत?

तुम्ही यानोमामींबद्दल विचारलंय, की अशी घरं पडायला आली म्हणून संपतायत का. नाही. ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या सीमेवरच्या जंगलातलं त्यांचं घर, म्हणजे शाबोनो, काही वर्षांनी कुजायचंच. कडेनं गोल छप्पर, मध्ये मोकळं अंगण, कुटुंबागणिक एक चूल आणि चुलीभोवती झोपायच्या झोळ्या. मोठ्या शाबोनोत चारशेपर्यंत माणसं मावतात. पानं सडली की दुसरीकडं नवं बांधायचं, एवढंच.

मात्र बांधायला जंगल पाहिजे. १९८०च्या दशकात सोन्यापायी सुमारे ४०,००० खाणवाले तिथं घुसले. त्यांच्याबरोबर मलेरिया आला, सोनं काढायचा पारा नदीत आणि नदीतून माशांत गेला. १९९२ साली ब्राझीलनं सुमारे ९६ लाख हेक्टर जंगल यानोमामींसाठी राखीव केलं, तरी खाणवाले परत आलेच. जानेवारी २०२३ मध्ये सरकारला तिथं आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, त्यामुळं मला आमचे रानात म्हशी पाळणारे गवळी-धनगर आठवतात. त्यांचा वाडा, म्हणजे त्यांची वस्ती, शाबोनो नव्हे, प्रत्येकाचं छप्पर वेगळं. (सरकारी यादीत ते आदिवासीही नाहीत, ते पुढं येतंच.) पण म्हशी आणि माणसं एका छपराखाली, आणि रान सगळ्या वाड्याचं. लहानपणी लोणी घेऊन येणारी मावशी आईला सांगायची, वाडे मुद्दामच लांब लांब असतात, नाहीतर चारा पुरत नाही.

आता आमच्याच तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातल्या तळेवाडी गावाला जंगलातून बाहेर पडायला कुटुंबामागं १५ लाखांचं पॅकेज आहे. ज्यांना दवाखाना आणि शाळा जवळ पाहिजे ते घेणारच, त्यांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण हिशेब कुटुंबागणिक होतो. सगळ्यांच्या चराईचा रकाना त्यात कुठला?

जंगलात राहणाऱ्यांना तिथल्या जमिनीचे हक्क देणाऱ्या वनहक्क कायद्यात आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची वस्ती दाखवली की चालतं. इतरांना त्याआधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. म्हशींमागं फिरणाऱ्या माणसाकडं एवढा जुना कागद कुठून येणार? एका गवळी आजोबांनी मला विचारलं, "आमच्या आजानं खणलेली विहीर चालंल काय?"

चालते. नियमांत जुन्या विहिरी, दफनभूमी, देवाच्या जागा आणि म्हाताऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून धरलेत. हे त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं.