तापमान ‘गरम’ नसतं, आणि काहिली आळशी नसते

परवा दुपारी जेवताना बातम्या लावल्या होत्या. निवेदिका म्हणाली, “सांगलीत आज तापमान चांगलंच गरम आहे.” माझा घास हातातच राहिला. अहो, तापमान हे मान आहे, माप आहे. ते गरम कसं असेल? दुधाचं लिटर कधी पांढरं असतं का? गरम असते ती हवा. तापमान जास्त असतं, कमी असतं, फार तर उणे असतं. आणि मानच गरम व्हायची असेल तर ती दुपारी दोनला दुचाकीवरून मिरजेला जाताना होते, तीही मागच्या बाजूने.

त्याच संध्याकाळी विट्याच्या एका विज्ञान शिक्षिकेचा प्रश्न आला. नववीतल्या एका मुलाने पेपरात लिहिलं, ‘चहाची उष्णता ८० अंश होती म्हणून जीभ भाजली.’ बाईंनी एक गुण कापला. पालक भांडायला आले: “उष्णता काय नि तापमान काय, मराठीत सगळं एकच!” बाई विचारतात, खरंच एकच का? आणि एकच असेल तर थर्मोडायनॅमिक्सला, म्हणजे उष्णता आणि काम यांच्या शास्त्राला, ‘ऊष्मागतिकी’ कशाला म्हणायचं, ‘उष्णतागतिकी’ का नाही?

एकच नाही. वस्तू किती तापलेली आहे ते तापमान, ते अंशांत. गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जी ऊर्जा जाते ती उष्णता, ती ज्यूलमध्ये किंवा कॅलरीत. हे पुस्तकात आहे, मी पुन्हा लिहीत नाही. पण “मराठीत सगळं एकच” हे काही मी सोडणार नाही. पुस्तकं नव्हती तेव्हाही मराठीत ते एक नव्हतं.

क्रियापदं बघा. पाणी कोमट असतं, भात ऊन असतो, दूध कढत असतं, ताक गार असतं. या सगळ्यांना ‘असणे’ चालतं, कारण इथे वस्तूची स्थिती सांगायची आहे. आता दुसरी पंगत. चटका बसतो. धग लागते. झळ लागते. आच लागते. शेक देतात आणि घेतात. ऊब मिळते. इथे काहीतरी एकाकडून निघून दुसऱ्याला पोचतंय. ‘तव्यात चटका आहे’ असं कोणी म्हणत नाही, तुम्ही बोट लावेपर्यंत चटका नावाची वस्तूच नसते. देणारा, घेणारा आणि मधला प्रवास, उष्णतेची व्याख्या याहून वेगळी काय आहे?

यावर एकाने लगेच अडवलं, “मग ‘तांब्या गार लागतो’ कसं?” अगदी बरोबर म्हणतो आपण. डिसेंबरच्या पहाटे स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या तांब्याला हात लावा, मग शेजारच्या लाकडी पाटाला लावा. तांब्या गार लागतो, पाट तितका लागत नाही. रात्रभर एकाच खोलीत पडलेल्या त्या दोघांचं तापमान एकच असतं. स्टील हातातली ऊब भराभर ओढून घेतं, लाकूड तेवढी घेत नाही. हाताला कळतो तो हा ओढण्याचा वेग. ‘लागतो’ हा शब्द तेच सांगतो. उलट ‘दार लाव, थंडी आत येतेय’ हे मात्र चूक. थंडी नावाचं काही येत नाही, येते ती गार हवा, आणि जाते ती तुमची ऊब. पण हे आईला सांगायला जाऊ नका.

आमची आजी म्हणायची, “पपई खाऊ नको, उष्णता होईल.” फ्रिजमधून काढलेली पपईसुद्धा तिला उष्णच. ती वैद्यकातली उष्णता, तिचा थर्मामीटरशी संबंध नाही. अंगात उष्णता साठते ही तिची कल्पना आजच्या विज्ञानाला मान्य नाही, पण आजी एकटी नव्हती. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७८९ साली मूलद्रव्यांची यादी केली तिच्यात ‘कॅलोरिक’ नावाचं उष्णतेचं द्रव्य घातलं होतं. पुढे रम्फर्ड या शास्त्रज्ञाने म्यूनिकमध्ये तोफांच्या नळ्या कोरताना बघितलं की कोरत राहिलं की उष्णता निघतच राहते, संपत नाही. द्रव्य असतं तर कधीतरी संपलं असतं. त्याने हे १७९८ मध्ये मांडलं. आजीला मी माफ केलंय. निवेदिकेला नाही.

तापमान आणि उष्णता यांची फारकत डोळ्यांनी बघायची असेल तर गुऱ्हाळावर जा. कराडजवळ माझ्या मामाचं गुऱ्हाळ होतं. चुलवाणात चिपाडं कोंबणारा माणूस घामाने निथळत असायचा आणि वर काहिलीत रस खदखदायचा. उसाच्या रसात पाचातले चार भाग पाणी. ते आटवायचं. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला ८० कॅलरी लागतात, पण त्याच ग्रॅमची वाफ करायला आणखी सुमारे ५४० लागतात. म्हणजे जाळाचा मोठा हिस्सा तापमान वाढवण्यात जातच नाही. तासभर चिपाडं ढकलली तरी रस शंभराच्या जरा वरच घुटमळतो. उष्णता धो धो आत चाललीय आणि तापमान जागचं हलत नाही! पाणी बरंच उडालं की मग पाक दाट होतो, उकळबिंदू चढायला लागतो आणि ११८ अंशांच्या आसपास गूळ उतरवतात. गुळव्याने आयुष्यात थर्मामीटर पाहिलेला नसायचा. गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून तो बोटांनी गोळी वळायचा, गोळी जमली की “ओढा!” म्हणून ओरडायचा. शेवटच्या त्या मिनिटांत पाकाचा एक थेंब माझ्या मनगटावर उडाला होता. डाग अजून आहे. दिवाळीत फुलबाजीच्या ठिणग्या त्याच हातावर पडल्या, काही झालं नाही. ठिणगीचं तापमान पाकाच्या कितीतरी पट, पण ती एवढीशी, तिच्याकडे द्यायला उष्णताच नाही. थेंबाकडे होती, आणि तो चिकटून बसला.

आता त्या काहिलीबद्दल. (बाई, तुमचा दुसरा प्रश्न लक्षात आहे.)

काहील म्हणजे गुऱ्हाळातली ती अवाढव्य पसरट कढई. काही जण काईल म्हणतात. हळद शिजवायलाही तीच. आणि उन्हात ‘अंगाची काहिली होते’ ती काहिली. माझं ठाम मत आहे की दुसरी पहिलीतून आली. अंगाची काहिली म्हणजे आपण काहिलीत पडून खदखदतोय अशी अवस्था. पण आमच्या वाचनालयात एक निवृत्त सर येतात, त्यांना फारसी-अरबीचा भारी लळा. ते म्हणतात, काहिली अरबीतून आली, ‘काहिल’ म्हणजे आळशी, सुस्त. उन्हाने माणूस सुस्तावतो, झाली काहिली.

सर, एप्रिलमध्ये वीज गेल्यावर तुमच्या अंगाची काहिली झाली होती तेव्हा तुम्ही सुस्त पडला होतात का? नाही. वर्तमानपत्राने वारा घालत, सदऱ्याची बटणं सोडत, वीज कंपनीला शिव्या देत तुम्ही व्हरांड्यात येरझारा घालत होता, मी समोरच बसलो होतो. काहिलीत भाजणं आहे, तगमग आहे, आळस नावालाही नाही. ‘अंगाची लाही लाही’ हा तिचा सख्खा शेजारी शब्द घ्या. तिथे भट्टीतली ज्वारीची लाही सरळ दिसते. दाण्यातल्या पाण्याची आतल्या आत वाफ होते, ती कवच फोडते आणि दाणा उलटून फुलतो. लाही भट्टीतून आली, तर काहिली चुलवाणावरून का येणार नाही? दोन्ही आगीशी काम करणाऱ्यांच्या तोंडचे शब्द. फारसी मुन्शाला लाही काय नि काहील काय, दोन्ही ठाऊक नसणार.

बरं, ही काहील कुठून आली? संस्कृतवाले ‘कटाह’ दाखवतात. कटाहाने आपल्याला कढई दिली, आता सगळी भांडी त्याच्याच नावावर चढवायची का? जतकडच्या कोणाही कन्नड बोलणाऱ्या बाईला पाणी तापव म्हणा, ती म्हणेल ‘नीरु कायिसु’. कन्नडमध्ये ‘काय्’ म्हणजे तापणे. तापतं ते काय्, ज्यात तापवतात ती काईल. आपल्या भागात ऊस, हळद, कन्नड आणि मराठी एकाच बांधावर नांदतात, त्यांनी एक भांडं वाटून घेतलं तर नवल काय? “मग शेवटच्या ‘ल’चं काय करायचं?” असं सर विचारतात. ‘ल’ मराठीने लावला, हे माझं उत्तर आहे आणि ते मी बदलणार नाही.

बाई, आता तुमचा ऊष्मा.

संस्कृतात ‘उष्’ म्हणजे जाळणे. त्यातून उष्ण आला आणि ऊष्मन्, म्हणजे ऊष्मा, आला. उष्णचा प्राकृतात झाला ‘उण्ह’, मराठीत झालं ऊन. गंमत म्हणजे ‘ऊन’ म्हणताना तो ह दिसत नाही, पण ‘उन्हात’ म्हटलं की लगेच बाहेर येतो, आणि ‘उन्हाळ्या’त तर बारमाही बसलेला आहे. उष्णकाल तो उन्हाळा, हिमकाल तो हिवाळा. आता ऊष्माचं बघा. ष्म चा प्राकृतात म्ह होतो, ऊष्मा झाला ‘उम्हा’. पुढे, बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या व्याकरणात नोंदवलंय की अपभ्रंशात, म्हणजे प्राकृतानंतरच्या भाषेत, म्ह चा विकल्पाने म्भ होतो. त्याचं उदाहरणही उन्हाळ्यातलंच आहे: ग्रीष्म, गिम्ह, गिम्भ. त्याच वाटेने उम्हाचा झाला उम्भ. शेवटी भ मधला श्वासही गेला, जसा भिक्खेची भीक होताना गेला, हत्थाचा हात होताना गेला. राहिली ऊब.

ऊब! ऊष्मागतिकीतला ऊष्मा आणि खुडूक कोंबडीच्या पोटाखालची ऊब हा एकच शब्द आहे. अंडी उबवतात ती यानेच. ओल्या पोत्यात धान्य उबतं, त्याला उबट वास येतो, तोही यातलाच. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती, तेव्हा पेवाचं तोंड उघडल्यावर तो दमट, पिवळा वास घेऊन जो उबारा अंगावर यायचा, तोही ऊष्माच. सर म्हणतात ऊब ‘उभा’वरून आली असेल, वाफ उभी राहते म्हणून. उभा आला ऊर्ध्वातून, आणि ऊब, सर, आडवं पडून पांघरुणात मिळते.

आणखी एक सांगायचा मोह आवरत नाही. संस्कृत वैयाकरणांनी श, ष, स, ह यांना नावच दिलंय ऊष्म वर्ण, म्हणजे गरम वाफेचे वर्ण. तळहात तोंडासमोर धरून ‘हाऽ’ म्हणा, कळेल. ऊष्मा या शब्दातच एक ऊष्म वर्ण होता, ष. त्याचा झाला ह, तोही ऊष्मच. शेवटी तोही निवला. शब्द प्रवास करता करता हळूहळू गार होत गेला.

तर ‘उष्णतागतिकी’ का नाही? उष्ण + ता. मृदुता, शीतलता, तशी उष्णता, म्हणजे उष्ण असण्याचा गुण. हे वस्तूच्या स्थितीचं वर्णन झालं, म्हणजे शब्दाच्या घडणीने उष्णता तापमानाच्याच जवळ बसते! ऊष्मा हे भाववाचक नाम नाही, ती ऊबच आहे, जाणारी-येणारी. आणि या शास्त्रात सगळा विचार तिच्या जाण्यायेण्याचाच आहे. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउझिउसने १८५० मध्ये मांडलेला नियमच असा की ती आपणहून गाराकडून गरमाकडे जात नाही. तशी न्यायची तर काम करावं लागतं, फ्रिज करतो ते. (हा क्लाउझिउस आपल्यातलाच. १८६५ मध्ये त्याने ‘एंट्रॉपी’ हा याच शास्त्रातल्या एका राशीसाठीचा शब्द ग्रीक ‘ट्रोपी’वरून, म्हणजे पालटण्यावरून, मुद्दाम एनर्जीशी यमक जुळेल असा घडवला.) तेव्हा गतिकीला ऊष्माच हवा. वाईला तयार झालेल्या मराठी विश्वकोशानेही ‘ऊष्मागतिकी’च ठेवला, चांगलं केलं.

गुणाचं म्हणाल तर, विज्ञानाच्या पेपरात चहाची उष्णता ८० अंश असत नाही, तुम्ही कापलंत ते बरोबर. पण उष्णता म्हणजे उष्णपणा असं धरून त्या पोराने लिहिलं असेल तर व्याकरण त्याच्या बाजूने आहे, आणि ‘जीभ भाजली’ हे तर विज्ञानातही खरं. अर्धा गुण परत द्या.