कार्बन पकडायचाय? मग मेकॅनिकल सोडू नकोस

प्रश्न: मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या तंत्रज्ञानात मला काम करायचं आहे. अधिशोषकाचा, म्हणजे वायू आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा, लेप दिलेल्या हीट एक्स्चेंजरबद्दल (उष्णतेची देवाणघेवाण करणाऱ्या नळ्यांच्या उपकरणाबद्दल) वाचलं आणि विषय आवडला. पण सगळे म्हणतात, हे केमिकलवाल्यांचं काम. पुढच्या शिक्षणासाठी शाखा बदलू का?

उत्तर: नको बदलूस. या विषयातला सगळ्यात चिवट प्रश्न उष्णतेचा आहे आणि तो तुझ्याच शाखेत शिकवतात.

झिओलाइट या सूक्ष्म छिद्रांच्या खनिजासारखा अधिशोषक थंड असताना कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो आणि तापवला की सोडतो. पण वायू धरताना उष्णता बाहेर पडते. दाण्यांनी भरलेल्या उंच टाकीत ती आतच अडकते, कारण दाण्यांमधून उष्णता फार हळू वाहते. दाणे गरम झाले की त्यांची वायू धरण्याची ताकद घटते. पुढे वायू सोडवायला तापवावं, तर बाहेरून दिलेली उष्णता टाकीच्या मध्यापर्यंत लवकर पोहोचत नाही. एकेका फेरीला तास लागतात आणि तेवढा वेळ महागडा अधिशोषक अडकून पडतो. तोच अधिशोषक हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांवर आणि फिन्सवर (नळ्यांना जोडलेल्या धातूच्या पट्ट्यांवर) पातळ थरात बसवला, की नळीतलं गार पाणी उष्णता तिथल्या तिथे ओढून घेतं. मग त्याच नळीत गरम पाणी सोडायचं. फेरी काही मिनिटांवर येते, म्हणजे थोड्या अधिशोषकात दिवसभरात कितीतरी जास्त वायू पकडता येतो.

कागदावर हे सोपं दिसतं. खरी मेहनत लेपात आहे. थर फार पातळ ठेवला, तर दर फेरीला दिलेल्या उष्णतेचा मोठा वाटा नुसता धातू तापवण्यात जातो. जाड केला, तर वायू आतपर्यंत झिरपायला वेळ लागतो आणि उष्णताही अडते. बाइंडर, म्हणजे लेप चिकटवून ठेवणारा पदार्थ, कमी पडला तर लेप भुकटी होऊन गळतो, जास्त झाला तर सूक्ष्म छिद्रं बुजतात. शिवाय धातू आणि लेप सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे हजारो वेळा तापून-निवून लेपाला तडे जाऊ शकतात. यातलं बरंचसं काम मेकॅनिकलचंच आहे, नाही का?

रसायनशास्त्र लागेल, पण त्यासाठी पदवी बदलावी लागत नाही. अधिशोषणाचे समताप वक्र, म्हणजे ठरावीक तापमानाला दाबाप्रमाणे किती वायू धरला जातो ते दाखवणारे आलेख, नीट शीक. लँगम्युअरचं १९१८ सालचं समीकरण ही चांगली सुरुवात आहे. सच्छिद्र पदार्थात वायू कसा पसरतो तेही वाच. आणि पाण्याच्या वाफेला कधी विसरू नकोस. १३एक्स या प्रकारच्या झिओलाइटला कार्बन डायऑक्साइडपेक्षा पाणी जास्त प्रिय, म्हणून ओल्या धुरात त्याची बरीचशी जागा पाणीच अडवतं. मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क या धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र पदार्थांवरच्या कामाला २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामुळे नव्या अधिशोषकांकडे ओढा आणखी वाढेल. माझं मत विचारशील तर तू त्या गर्दीत जाऊ नकोस. ती भुकटी नळीवर बसवून वर्षानुवर्षं चालवून दाखवणारी माणसं तितकीच हवी आहेत.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एक सुचवतो. फिन्स असलेली छोटी कॉइल घे, तिच्यावर सिलिका जेलचा लेप दे, ओल्या हवेत ठेव आणि वजन मिनिटागणिक नोंदव. मग नळीतून गरम पाणी सोडून वजन किती लवकर उतरतं ते बघ. इथे कार्बन डायऑक्साइडऐवजी पाण्याची वाफ पकडली जाईल, पण उष्णता आणि वस्तुमान वहनाचं गणित त्याच धाटणीचं आहे. वायूचं सिलिंडरही लागत नाही. सोबत पायथनमध्ये साधं मॉडेल लिही आणि ते मोजमापाशी जुळतं का तपास. जुळलं नाही, तर का जुळलं नाही हे अहवालात लिही. प्रवेशाच्या मुलाखतीत त्यावर भरपूर बोलता येईल.

नोकरीचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. उद्योगात आज कार्बन पकडण्यासाठी मुख्यतः द्रवरूप अमाइन (कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारी नायट्रोजनयुक्त रसायनं) वापरतात. त्या पद्धतीचं पेटंट १९३० सालचं आहे. लेप दिलेले एक्स्चेंजर कार्बनच्या कामात अजून बहुतांशी प्रयोगशाळा आणि छोट्या चाचण्यांच्या टप्प्यावर आहेत आणि या क्षेत्राचा पैसा सरकारी धोरणांवर हलतो. म्हणून हेच कौशल्य हवा कोरडी करणारी यंत्रं आणि अधिशोषण चिलर (उष्णतेवर चालणारी गारवा देणारी यंत्रं) यांतही लागतं, हे ध्यानात ठेवून अभ्यास कर.

पुढचं कॉलेज निवडताना नावाआधी प्रयोगशाळेची चौकशी कर. तिथे फक्त भुकटीचे नमुने तपासतात, की पाणी, झडपा, तापमापक लावलेला चालता टेस्ट रिगही आहे? रिग असेल, तिथे आधी अर्ज कर.