व्यसन सुटलेला माणूस परत घेईल का, हे टेस्टमधून कळतं का?

भाऊ चार महिने हेरॉइनपासून लांब आहे, आता परत वळेल की नाही हे सांगणारी एखादी रक्ताची टेस्ट किंवा स्कॅन आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे, घरचे लोक हे नेहमी विचारतात. तर अशी खात्रीची टेस्ट आज नाहीये, कुणी पॅकेज म्हणून विकत असेल तर प्लीज पैसे घालवू नका.

ज्या टेस्ट आहेत त्या मागचं सांगतात. लघवीत हेरॉइनची खूण जेमतेम दोन-तीन दिवस, केसांवरून साधारण ९० दिवसांचं कळतं, बस.

संशोधन भरपूर चाललंय. व्यसनाचा मेंदूवरचा परिणाम अभ्यासणाऱ्या डॉक्टर नोरा व्होल्को यांच्या टीमला १९९० च्या दशकात पेट स्कॅनमध्ये (PET, मेंदूचं काम दाखवणारा स्कॅन) दिसलं की कोकेनच्या व्यसनात मेंदूतले डोपामिनचे (आनंद आणि ओढ यांच्याशी जोडलेलं रसायन) डी२ रिसेप्टर, म्हणजे ते रसायन पकडणाऱ्या जागा, कमी झालेले असतात, आणि सोडून तीन-चार महिने झाले तरी ते कमीच होते. कॉर्टिसॉलवर, म्हणजे ताणाच्या हार्मोनवरही काम झालंय. पण हे सगळं गटाच्या सरासरीचं गणित आहे, त्यावरून तुमच्या एकट्या भावाबद्दल काही ठरवता येत नाही. आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरतात, तिथेही जीन्सचा रिपोर्ट काढून भविष्य कळत नाही.

मला घरच्यांना खरं सांगायचं असतं ते वेगळंच. २००१ साली उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसलं की कोकेन बंद केल्यावर त्याच्याशी जोडलेल्या खुणा समोर आल्या की उठणारी ओढ पहिले दोन महिने कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेली. माणसांवरच्या एका प्रयोगात कोकेनशी संबंधित फोटो फक्त ३३ मिलिसेकंद दाखवले, बघणाऱ्याला आपण काय पाहिलं हेही कळलं नाही तरी मेंदूतला भावनांचा भाग पेटला. म्हणून जुना मित्र, जुना नाका, हेरॉइन ओढायला वापरतात तो फॉइलचा चुरगळलेला तुकडा हे सगळं खरंच धोक्याचं असतं, भाऊ नाटक करत नाहीये, आणि 'आता बरा झालाय' म्हणून घरचे नेमके याच काळात निर्धास्त होतात.

त्याहून मोठी भीती म्हणजे टॉलरन्स, म्हणजे नशा पचवायची शरीराची सवय. चार महिन्यांत शरीराची सवय गेलेली असते आणि माणूस जुन्याच मापाने घेतो, पूर्वी पचायचा तेवढा डोस आता श्वास थांबवू शकतो. त्यामुळे टेस्ट शोधण्यापेक्षा परत घेण्याचा धोका कमी करणारी ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन किंवा नाल्ट्रेक्सोन ही औषधं आहेत, यातलं त्याला काय चालेल ते डॉक्टरांना आजच विचारा, नालोक्सोन (हेरॉइनचा ओव्हरडोस उतरवणारं औषध) मिळत असेल तर घरात ठेवा आणि ते कसं द्यायचं हे घरातल्या दोघा-तिघांनी तरी शिकून घ्या. भावालाही सांगून ठेवा की घसरलास तर लपवू नकोस, एकटा असताना घेऊ नकोस, रात्री दोन वाजता असलं तरी आम्हाला उठव.