बुयान बेट नकाशावर का सापडत नाही

प्रश्न असा आला आहे: रशियन लोककथांतलं बुयान हे बेट भरतीला बुडतं आणि ओहोटीला वर येतं असं सगळीकडे वाचायला मिळतं, तर ते नेमकं आहे कुठे? आणि स्लाव लोकांत अशी आणखी बेटं आहेत का?

भरती-ओहोटीचं आधी बाजूला ठेवू. मी वाचलेल्या रशियन मंत्रांमध्ये ती कुठेच नाही. उलट बुयान तिथे अगदी ठाम पडून असतं. मंत्राची सुरुवात ठरलेली: 'ना मोऱ्ये ना ओकियान्ये, ना ओस्त्रव्ये ना बुयान्ये', म्हणजे समुद्रात, महासागरात, बुयान बेटावर. ओकियान आणि बुयान यांचं यमक बघा. माझ्या मते हे बेट अर्धंअधिक त्या यमकावरच तरलेलं आहे. 'आटपाट नगर होतं' म्हटल्यावर ते कोणत्या तालुक्यात, असं आपण आजीला विचारलं नाही. तसंच हे.

तिथे असतं काय? अलातिर नावाचा पांढरा, धगधगता दगड. वाहतं रक्त थांबवायच्या मंत्रात या दगडावर एक सुंदर मुलगी शिवत बसलेली असते. हातात पोलादी सुई, सुईत रेशमी दोरा, आणि ती जखम शिवते. शेवटी म्हणायचं: दोरा तूट, रक्ता गोठ. जखमी माणूस गावातल्या बाकावर बसलेला आणि टाका पडतोय तो बुयानवर! दातदुखीपासून प्रेमापर्यंत कशाच्याही मंत्राची सुरुवात याच बेटावर होऊ शकते. रशियन कथांतला न मरणारा खलनायक कोश्चेई, त्याचा जीवही काही कथांत इथल्याच ओकाच्या झाडाखाली असतो: पेटीत ससा, सशात बदक, बदकात अंडं, अंड्यात सुई. साता समुद्रापलीकडच्या पोपटात जीव ठेवणाऱ्या आपल्या राक्षसाचा हा लांबचा भाऊबंद.

आता 'कुठे'चं उत्तर. काहींच्या मते बुयान म्हणजे जर्मनीच्या उत्तरेचं, बाल्टिक समुद्रातलं र्‍युगेन. तिथल्या आर्कोना टोकावर स्वांतोवित देवाचं देऊळ होतं, ते 1168 मध्ये डेन्मार्कचा राजा पहिला वाल्देमार याने पाडलं. बेटाचं जुनं स्लाव नाव रुयान, म्हणून रुयानचं बुयान झालं, असा तर्क. मला तो फार पटत नाही, कारण रशियनमध्ये 'बुयान' हा शब्द स्वतंत्रपणे आहेच: उंच मोकळी जागा, माल उतरवायचा धक्का. सेंट पीटर्सबर्गमध्ये तुच्कोव बुयान नावाचं हेम्पचे, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाचे, धागे साठवायचं गोदाम होतं. शिवाय बाल्टिकमध्ये भरती-ओहोटी जेमतेम वीतभर, तेव्हा बेट बुडायचा प्रश्नच नाही. हां, आर्कोनाचा खडूचा कडा ढासळत आलाय आणि देवळाची बरीचशी जागा समुद्रात गेली आहे, हे मात्र खरं.

खरोखर नाहीसं झालेलं बेट हवं असेल तर उत्तरेला जा. 1810-11 च्या सुमारास याकोव सान्निकोव या व्यापाऱ्याला सायबेरियाच्या उत्तरेच्या कोतेल्नी बेटावरून लांबवर समुद्रात डोंगर दिसले. 1886 मध्ये बॅरन एदुआर्द तोल या संशोधकालाही ते दिसले. तो पुन्हा शोधायला निघाला आणि 1902 मध्ये तीन साथीदारांसह बर्फात बेपत्ता झाला. 1937-38 मध्ये 'सादको' जहाज तिथून गेलं तेव्हा जमीन नव्हती. एक शक्यता अशी की ते बेट बर्फाचंच होतं आणि विरघळलं. हे उगाच नाही म्हणत. शेजारच्या लाप्तेव समुद्रातली वासिल्येव्स्की आणि सेम्योनोव्स्की ही गोठलेल्या मातीची बेटं गेल्या शतकात अशीच संपली.

माझं सगळ्यात आवडतं बेट मात्र युक्रेनच्या कथांतलं, आणि त्यात आपलीही एक तार आहे. समुद्रापलीकडे दूर राख्मानी नावाचे साधे, सज्जन लोक राहतात. राख्मान म्हणजे ब्राह्मण. अलेक्झांडर हिंदुस्थानात ज्ञानी ब्राह्मणांना भेटला, या ग्रीक कथा भाषांतरांतून पूर्व युरोपात पोचल्या आणि तिथे ते बेटावरचे भाविक ख्रिस्ती होऊन बसले. पण त्यांच्याकडे पंचांग नाही, ईस्टर कधी ते कळत नाही. म्हणून ईस्टरच्या पावासाठी अंडी फोडली की बायका टरफलं फेकत नाहीत, वाहत्या नदीत सोडतात. नदीतून समुद्रात, समुद्रातून बेटावर, पोचायला तीनेक आठवडे. टरफल दिसलं की राख्मानी सण करतात. काही ठिकाणी सांगतात, पोचेपर्यंत त्या टरफलाचं पुन्हा अख्खं अंडं होतं आणि एकात बारा माणसं जेवतात. ईस्टरनंतरच्या पंचविसाव्या दिवसाला काही गावांत राख्मानी ईस्टर म्हणतात. आणि कुणी उसने पैसे परत मागितले की द्यायचं उत्तरही तेच: राख्मानी ईस्टरला देतो, म्हणजे कधीच नाही.