हीटर मोठा घेऊ का?

प्रश्न: दादा नमस्कार, आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. आजेसासऱ्यांच्या वेळचं दगडी घर, चौदा फूट उंच छत, वर रोशनदानं, म्हणजे छताजवळचे झरोके. जानेवारीत सासूबाईंच्या खोलीत २००० वॉटचा रॉडवाला हीटर रात्री सहा तास चालतो तरी त्यांचे पाय गारच. दुकानदार म्हणतो ब्लोअर घ्या, जास्त गरम करतो. बिल बघून ह्यांचं डोकं तापतं, घरात तेवढीच काय ती ऊब! घेऊ का ब्लोअर?

उत्तर: वहिनी, थांबा जरा. रॉड असो की ब्लोअर, २००० वॉट म्हणजे २००० वॉट, वीज तेवढीच खाणार आणि उष्णताही तेवढीच देणार. फरक इतकाच की ब्लोअर हवा तापवतो आणि रॉड समोरच्या माणसाला शेकतो, आणि गरम हवा चढते वर, म्हणजे तुम्ही रोजचे १२ युनिट जाळून छतावरच्या पालीला ऊब देणार. सासूबाईंना रॉडच बरा, फक्त पायांकडे तोंड करून, रजईपासून लांब.

आधी एक करा, वारा सुटलेल्या संध्याकाळी अगरबत्ती पेटवून दाराच्या कडेनं, खिडकीच्या चौकटीजवळ फिरवा, धूर जिथे आडवा पळेल तिथून तुमचे पैसे चाललेत. जुन्या दाराखाली सहज इंचभर फट असते. तीन फुटी दाराला इंचभर फट म्हणजे सहा बाय सहा इंचाचं भोकच झालं की भिंतीत! जुन्या जीन्सच्या पायात चिंध्या कोंबून दोन्ही टोकं शिवा आणि दाराखाली ठेवा, चौकटीला हार्डवेअरच्या दुकानातली फोमची पट्टी चिकटवा. शे-दोनशे रुपयांचं काम, पण ह्यानंच सगळ्यात जास्त फरक पडतो, आणि गंमत म्हणजे हेच कोणी करत नाही, सगळे नवीन हीटर आणायला धावतात.

रोशनदानं बाहेरून काच किंवा ॲक्रिलिक शीटनं झाका, उन्हाळ्यात काढता येतील अशी. एक मात्र थोडं उघडं ठेवा, माणसांना श्वास घ्यायचाय. आणि खोलीत कोळशाची सिगडी लावायची सवय असेल तर ती आजच बंद, फटी बुजवल्यावर तर अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

पाय गार पडतात ते मुख्यतः फरशीमुळे. पलंगाभोवती जाड सतरंजी टाका. दगडाची भिंत थंडी धरून ठेवते म्हणून पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर सरकवा. थंडीत ऊन दक्षिणेकडून तिरपं आत येतं, तेव्हा दुपारी त्या बाजूचे पडदे उघडे ठेवा आणि सूर्य कलला की लगेच ओढा, पडदे जाड हवेत, जमिनीला टेकणारे.

पैसे खर्चायचेच असतील तर ब्लोअरवर नाही, छतावर खर्च करा. नऊ-दहा फुटांवर जिप्समची फॉल्स सीलिंग, वर ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवणारा काचतंतूंचा थर. उघडा थर्मोकोल नको, आग धरतो. मे महिन्यात तीच सीलिंग तापलेल्या छतापासून वाचवेल, म्हणजे ह्यांना पटवायला तुम्हाला एक मुद्दा मिळाला. नवीन एसी घ्यायचा विचार असेल तर हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टरवाला बघा, तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांइतकी उष्णता मिळते, कडाक्याच्या रात्री थोडी कमी. पण फटी बुजवायच्या आधी तोही नको.